वारस नसलेल्यांची वंशावळ

२०२३ च्या सप्टेंबरात नांदेड-लातूरच्या तहसील कचेऱ्यांतली जुनी दप्तरं कैक वर्षांनी उजेडात आली. मराठा आरक्षणासाठी अंतरवाली सराटीत झालेल्या उपोषणानंतर ७ सप्टेंबरला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत निजामकाळातल्या कागदांची शोधाशोध सुरू झाली. खासरा पत्रकं, पाहणी पत्रकं, सेतवार, गाव नमुना १४, शाळांचे प्रवेश-निर्गम. रुमालांच्या गाठी सोडल्या गेल्या. आत कागद उर्दूत, काही फारसीत, काही मोडीत, आणि ते वाचणारं कचेरीत कुणी नाही. मग कुठल्या निवृत्त उर्दू मास्तरांना, कुठल्या हौसेने मोडी शिकलेल्या माणसाला निरोप गेले. ऑक्टोबरअखेर जाहीर झालं की पावणेदोन कोटींच्या आसपास कागद तपासले आणि त्यांत ११,५३० कुणबी नोंदी सापडल्या. आकडा गाजला, त्यावरून वाद झाले. ते कागद वाचले कुणी, त्यांची नावं मात्र माझ्या पाहण्यात आली नाहीत.

आरक्षणाची मागणी बरोबर की चूक हा या लेखाचा विषय नाही. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला खटकतं ते वेगळंच. नावांची एवढी मोठी चळत आपण उपसली आणि प्रत्येक पानाला एकच प्रश्न विचारला: जातीच्या रकान्यात काय लिहिलंय? हवा तो शब्द दिसला की पानाची झेरॉक्स, नाही दिसला की पान परत रुमालात. त्या पानावरचा शेतकरी कोण, त्याच्या बांधाला बांध कुणाचा, पुढच्या वर्षी त्याच जमिनीवर दुसऱ्याचंच नाव कसं आलं, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. उद्या हेच कागद दुसऱ्या कामासाठी लागले तर पुन्हा पहिल्यापासून वाचावे लागणार. आमच्याकडे वंशावळ निघते ती दाखल्यासाठी, आणि दाखला हातात पडला की मिटते. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा, जमातींना ६ सप्टेंबर १९५०, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७. लातूरच्या क्लासमध्ये नीटची तयारी करणाऱ्या पोरालाही यातली आपली तारीख पाठ असते. पणजोबाचं नाव मात्र त्याला वंशावळीचं शपथपत्र करायच्या दिवशी कळतं.

वंशावळ काढणं हे लोकांनी लोकांसाठी, बिनपगारी आणि वर्षानुवर्षं करायचं काम मानणारा एक समाज आहे, ज्यूंचा. न्यूयॉर्कमध्ये १९७७ साली ज्यू वंशावळ मंडळ सुरू झालं आणि नंतर अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, इस्रायल इथल्या गावोगावी अशी मंडळं निघाली. बऱ्याच मंडळांचं स्वतःचं लहानसं ग्रंथालय असतं. कपाटांत युरोपातल्या नामशेष गावांचे स्मृतिग्रंथ, दफनभूमींच्या नोंदी, जुने नकाशे, स्थलांतरितांच्या याद्या. टेबलामागे बसलेला माणूस बहुधा निवृत्त, आठवड्यातून एखादा दिवस येणारा. समोर आलेल्या अनोळखी माणसाच्या आजीचं गाव नकाशावर शोधून द्यायचं, एवढंच त्याचं काम. अशा माणसांचे सत्कारही होतात, आणि ते कसे व्हावेत हाच माझा मुद्दा आहे. पण त्याआधी ते करतात काय ते नीट पाहायला हवं. आपल्याकडे सत्कार आधी ठरतो आणि काम काय केलं ते निवेदक व्यासपीठावरच विचारून घेतो.

माँट्रियलच्या स्टॅन्ली डायमंड यांचं उदाहरण घ्या. त्यांच्या घराण्यात बीटा थॅलेसेमियाचा दोष पिढीजात चालत आला होता. आणखी कुणाकुणाच्या रक्तात तो असेल, त्यांना वेळेवर कळवावं, म्हणून ते पोलंडमधल्या आपल्या पूर्वजांच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी शोधू लागले. शोधता शोधता लक्षात आलं की अख्ख्या पोलंडच्या ज्यू नोंदींना सूचीच नाही. १९९५ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी सूची करण्याचा प्रकल्प उभा केला. आज तिच्यात लाखो नोंदी आहेत. ज्या भागावर रशियाचा अंमल होता तिथल्या नोंदी १८६८ पासून रशियनमध्ये आहेत, म्हणून टोरोंटो-शिकागोच्या निवृत्त लोकांनी सत्तरीत हाताने लिहिलेली रशियन वाचायला शिकून घेतली. अट एकच: आपल्या घराण्याचं नाव सापडलं म्हणून थांबायचं नाही. गावाचं पुस्तक हाती घेतलं की पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत सगळी नावं उतरवायची. आमच्या तहसीलमधल्या शोधमोहिमेत आणि या कामात फरक आहे तो नेमका इथे.

वाचण्याचं काम किती किचकट असतं हे आमच्याच कागदांवरून सांगतो. निजामकाळातला एखादा महसुली कागद समोर धरा. वर तारीख, आझर, दै, बहमन, इस्फंदार यांपैकी एखादा महिना आणि पुढे १३४० फसली. फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन येतो, पण हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं, म्हणून महिना कोणता ते पाहून ५९० की ५९१ ते ठरवायचं. खाली नाव, मग ‘वल्द’ म्हणून बापाचं नाव, मग ‘कौम’. लिहिणारा कारकून घाईत, नुक्ते द्यायला त्याला वेळ नाही. उर्दूत ब, प, त, न ही अक्षरं शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये एकाच दातऱ्यासारखी दिसतात, वेगळी ओळखायची ती नुक्त्यांवरून. नुक्ते गेले की ‘नाना’, ‘बाबा’ आणि ‘ताता’ हे तिन्ही शब्द हुबेहूब एकच. मराठवाड्यातल्या एखाद्या गावात तीस घरांत मिळून नाना-बाबा किती निघतील? अशा वेळी नुसती उर्दू येऊन भागत नाही. मागच्या-पुढच्या वर्षाचं पत्रक ताडून पाहावं लागतं, गटाशेजारचा गट पाहावा लागतो, गावातल्या म्हाताऱ्याला विचारावं लागतं. निलंग्यात जन्मलेल्या सेतुमाधवराव पगडींसारखा फारसी, उर्दू, तेलुगू, गोंडी सगळ्यांत वावरणारा माणूस या मातीत होऊन गेला. पण पगडी पिढीत एखादाच होतो. रोजच्या कामाला नुक्ता नसलेला ‘नाना’ ओळखणारे पाच-पंचवीस लोक लागतात.

ज्यूंपुढेही हीच अडचण होती. एकच आडनाव पोलिश, रशियन, जर्मन, इंग्रजी अशा चार भाषांत चार तऱ्हांनी लिहिलेलं. रँडी डेच आणि गॅरी मोकोटॉफ या दोघांनी १९८५ मध्ये त्यावर तोड काढली. नावाला उच्चारावरून सहा आकडी अंक द्यायचा, म्हणजे स्पेलिंग काही असलं तरी एकाच कुळातली नावं एकत्र येतात. दोघांपैकी कुणीही सरकारी नोकर नव्हता. मोडी-उर्दू-मराठीसाठी अशी युक्ती नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात किंवा इथल्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयात व्हायला काय हरकत आहे, मला कळत नाही. एखादा परिसंवाद कमी झाला तरी चालेल.

ज्यूंना या कामाचं इतकं वेड का? त्यांच्याकडे पैसा आहे, शिक्षण आहे, हे उत्तर सोपं आहे आणि निम्मं खरंही आहे. उरलेलं उत्तर असं की वंशावळ माणसाला मारू शकते, हे त्यांनी भोगलेलं आहे. नाझी जर्मनीच्या १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यू कोण हे आजी-आजोबा मोजून ठरवलं. चर्चची बाप्तिस्म्याची पुस्तकं, नगरपालिकांची जन्मनोंदणी, सगळं त्या मोजणीसाठी वापरलं गेलं. युद्धानंतर जेरुसलेमच्या याद वाशेमने उलटा उद्योग आरंभला. मारल्या गेलेल्या प्रत्येकासाठी एक पान, त्यावर नाव, आई-बापाचं नाव, गाव, व्यवसाय. पान भरून द्यायला नातेवाईकच हवा असं नाही, शेजारी चालतो, वर्गमित्र चालतो. साठ लाखांपैकी पन्नास लाख नावं गोळा झाल्याचं या संस्थेने २०२५ मध्ये जाहीर केलं. सत्तर वर्षांचं काम, तरी दहा लाख बाकी. बाकी राहिले ते कोण? बहुतेक ते, ज्यांची सगळी गल्लीच संपली आणि पान भरायला ओळखणारं कुणी उरलं नाही.

आपल्या मराठी ज्यूंनी वंशावळीची दुसरीही बाजू पाहिली आहे. रायगडच्या किनाऱ्यावर तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून शनिवार तेली म्हटले जाणारे बेने इस्राएल. आडनावं गावांवरून, पेणकर, रोहेकर, केहीमकर. बोली मराठी, कीर्तनाची परंपरा मराठी, आणि १८७४ मध्ये पुण्यात छापलेली त्यांची वल्हांडण सणाची पोथीसुद्धा मराठीत. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवला. तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला, लेखक जाऊन बरीच वर्षं लोटल्यावर. हे लोक इस्रायलला गेले तेव्हा तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने १९६२ मध्ये फर्मान काढलं की बेने इस्राएल वधू-वराचं लग्न लावण्याआधी त्यांच्या मागच्या पिढ्या, विशेषतः आईकडच्या, जमेल तितक्या मागे जाऊन तपासा. पेणच्या माणसाने पणजीच्या लग्नाचा पुरावा कुठून आणायचा? चिडलेले लोक जेरुसलेमला धरणं धरून बसले. अखेर १९६४ च्या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने ठराव केला की बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यूच आहेत, आणि फर्मानातून त्यांचं नाव काढावं लागलं. जात पडताळणी कार्यालयाच्या व्हरांड्यात फाईल घेऊन बसलेल्या किनवट-देगलूरच्या माणसाला ही गोष्ट मराठीत सांगितली तर फोड करून सांगावी लागणार नाही.

म्हणजे वंशावळ तीच, कागदही तेच. कार्यालय विचारतं तेव्हा जिवंत माणसाला आपण कोण ते सिद्ध करावं लागतं आणि सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच असतो. ग्रंथालयातला बिनपगारी माणूस शोधतो तेव्हा भार शोधणाऱ्याने आपल्या खांद्यावर घेतलेला असतो. त्याच्या कामाचा खरा कस लागतो तो मागणारा समोर नसताना. ज्याला वारस आहे त्याची वंशावळ आज ना उद्या निघतेच, जमिनीच्या वाटणीसाठी, दाखल्यासाठी, सोयरिकीसाठी. ज्याला वारस नाही त्याचं नाव फक्त परकाच लिहू शकतो, आणि लिहून त्या परक्याला काहीही मिळत नाही.

आपल्याकडे वंशावळ राखणारे नव्हते असं नाही. कर्नाटक सीमेकडे सुगी झाली की बैलावर बसून हेळवी येतो आणि दारात उभा राहून पिढ्या म्हणतो. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळींत गावागावांच्या पिढ्या आहेत. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या तर अमेरिकेतल्या युटाच्या मॉर्मन पंथाच्या संस्थेने १९७७ पासून मायक्रोफिल्म केल्या. पोलंडमधल्या ज्यू नोंदींची फिल्म करणारी संस्थाही तीच. नांदेडचंच पाहा. १७०८ मध्ये गोदाकाठी गुरू गोविंदसिंगांनी ग्रंथाला गुरुपद दिलं, हे या शहराच्या इतिहासातलं सर्वांत मोठं पान. त्याच्या पुराव्यांत जिंदकडच्या भाटांच्या एका वहीतली नोंद सांगितली जाते. भाटांच्या खास लिपीतल्या या वह्या विसाव्या शतकात ग्यानी गर्जासिंग यांनी गावोगाव हिंडून शोधल्या आणि उतरवून काढल्या. या नोंदींच्या अस्सलपणावर अभ्यासकांत वाद आहे, आणि तो असायलाही हवा. पण वाद घालण्यापुरतं काही हाती आलं ते एका हिंडणाऱ्या माणसामुळे.

मात्र या परंपरेची मर्यादाही उघड आहे. हेळवी धान्य देणाऱ्याच्या दारात उभा राहतो, उपाध्याय दक्षिणा देणाऱ्या यजमानाचं नाव लिहितो. ज्याच्या घरात धान्य नाही, ज्याला घाटावर येऊ दिलं जात नव्हतं, त्याचं नाव वहीत येणार कुठून? विसाव्या शतकात सुशिक्षित घराण्यांनी छापलेल्या कुलवृत्तांतांची गतही तीच, फक्त कागद गुळगुळीत. आणि लेक? ती वंशवृक्षाच्या फांदीला लटकलेली एक रेघ, ‘अमक्यांकडे दिली’ म्हणून संपलेली. जात पडताळणीत पुरावा बापाकडूनच चालतो. २०२४ च्या जानेवारीत ‘सगेसोयरे’ या मसुद्यावरून एवढी चर्चा झाली, तीही बापाकडच्याच नात्यांची. आईच्या आईचं माहेर कोणतं, हे सांगता येणारा माणूस मराठवाड्यात शोधावा लागतो.

आता किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जन उरकून लोक उशिरा झोपले होते. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर माळवदाचं ओझं. घरं आतल्या माणसांवर बसली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, पेठसांगवी... लातूर आणि धाराशिव मिळून ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. मृत किती? सरकारी कागदांत बहुधा ७,९२८ हा आकडा येतो, अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या यादीत ९,७४८. मधले अठराशे वीस कोण? मोजणीच्या पद्धती वेगळ्या असतील, अंदाज असतील, मला त्या वादात शिरायचं नाही. पण घटना तीस-बत्तीस वर्षांपूर्वीची, गावं बोटावर मोजता येतील एवढी, त्या गावांतली माणसं अजून हयात, आणि तरी दोन आकड्यांत अख्ख्या एका गावाचा फरक राहतो. कारण आकडा कुणाकडूनही येतो, नावं मात्र गावात बसून गोळा करावी लागतात.

त्या वेळी याद्या झाल्याच होत्या, भरपाईसाठी. पण भरपाईच्या यादीला वारस लागतो. आजोबापासून नातवापर्यंत सगळं घर एका माळवदाखाली गेलं तर अर्ज करणार कोण? भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी १,२०० च्या आसपास मुलांना पुण्याला नेलं, शिकवलं. ती मुलं आज पस्तिशी-चाळिशीत आहेत, त्यांना मुलं झाली आहेत. त्यांची वंशावळ कोण सांगणार? आई-बाप गेले, चुलते गेले, आणि ज्या गल्लीत शेजारी म्हणून कुणी सांगितलं असतं ती गल्लीच राहिली नाही. नवी गावं आखीव आहेत, रस्ते रुंद आहेत, घरं भूकंपाला टिकतील अशी आहेत. पण जुन्या गावठाणात पाटलाच्या वाड्याला लागून कुणाचं घर होतं, मागच्या बोळात कोण राहायचं, वेशीबाहेरच्या वस्तीत कोणकोणती घरं होती, हे फक्त त्या लोकांच्या डोक्यात आहे आणि ते लोक आता साठी-सत्तरीत आहेत.

ज्यूंच्या स्मृतिग्रंथांत एक गोष्ट वारंवार दिसते. वाचलेल्या चार-सहा माणसांनी आठवून हाताने काढलेला गावाचा नकाशा. इथे सिनेगॉग, इथे विहीर, हे शिंप्याचं घर, हे मागे कोंबड्या पाळायचे त्यांचं. नकाशे वेडेवाकडे असतात, दोन माणसांचे नकाशे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि संपादक दोन्ही छापतात. पोलंड-लिथुआनियातली अशी शेकडो गावं कागदावर पुन्हा उभी केली ती इतिहासकारांच्या आधी न्हावी, शिक्षिका आणि दुकानदार असलेल्या माणसांनी. हे किल्लारीला का होऊ नये? औशात, उमरग्यात, निलंग्यात सार्वजनिक वाचनालयं आहेत. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली त्यांना अ-ब-क-ड वर्ग मिळतात, अनुदान मिळतं, आणि कपाटांत स्पर्धा परीक्षांची पुस्तकं असतात. त्यातलं एक कपाट ५२ गावांसाठी रिकामं करता येईल.

याहून अवघड दुसरी यादी आहे आणि ती टाळून हा विषय पुरा होत नाही. १९४६ ते १९४८ या काळात रझाकारांनी मारलेली माणसं आणि १९४८ च्या सप्टेंबरातल्या पोलीस कारवाईनंतर मारली गेलेली माणसं. त्यांतले जे सत्याग्रही, जे लढवय्ये, त्यांचं स्मरण होतं. बिलोली तालुक्यात अर्जापूरला गोविंदराव पानसरे यांचं स्मारक आहे, आणि दर १७ सप्टेंबरला ध्वजवंदन असतं. पण वाटेत सापडला म्हणून मारला गेलेला वाटसरू, शेतमजूर? आणि कारवाईनंतर सूड म्हणून मारले गेलेले मुसलमान? कारवाईनंतरच्या हिंसाचाराची पाहणी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला आणि सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, बीदर, गुलबर्गा यांच्या जोडीला नांदेडचं नाव घेतलं. आजचा लातूर जिल्हा त्या वेळी यातल्याच दोन जिल्ह्यांत विभागलेला होता. हा अहवाल २०१३ पर्यंत लोकांपुढे आला नाही. २७ आणि ४० यांच्यामध्ये तेरा हजारांची फट आहे. दोन्ही बाजूंच्या मृतांची गाववार नावं एका यादीत लिहिणं कुणाला परवडणार नाही, कारण दोन्ही बाजूंना आपापला आकडा हवा आहे. नावं आली की ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ एकाच गल्लीतले निघतात, कधीकधी एकाच पाटलाच्या वाड्यावर राबणारे निघतात.

इथे एक रास्त आक्षेप येतो आणि मी तो हलक्यात घेत नाही. मराठवाड्यात वंशावळींचं ग्रंथालय काढलं तर ते चार वर्षांत जातींची डिरेक्टरी होईल. प्रत्येक जातीचा नेता आपल्या माणसाला तिथे बसवेल, लग्न जुळवणारे येतील, निवडणुकीत याद्या मागितल्या जातील. नावं गोळा केली की ती कुणाच्या हाती पडतील ते सांगता येत नाही, हे ज्यूंनाही कळून चुकलं. त्यांच्या नोंदींची फिल्म करणाऱ्या युटाच्या त्याच मॉर्मन पंथाने छळछावण्यांत मेलेल्यांच्या नावाने मरणोत्तर बाप्तिस्मे केले. केवढा संताप झाला, आणि १९९५ मध्ये तसं न करण्याचा करार करावा लागला. म्हणून मी जिवंत माणसांच्या वंशावळींचं ग्रंथालय मागत नाही. ती तहसीलमध्ये, समितीत, लग्नाच्या मंडळात पुरेशी आहेत. आधी मृतांची यादी करू, तीही वारस नसलेल्यांपासून. त्या यादीवरून कुणालाही दाखला मिळणार नाही, त्यामुळे गर्दी होणार नाही, एवढं निश्चित.

उरला सत्काराचा प्रश्न. आपली पद्धत ठरलेली आहे: शाल, श्रीफळ, फेटा, स्मृतिचिन्ह आणि उशिरा आलेले पालकमंत्री. सत्कारमूर्तीचं नाव एकदा माईकवर येतं, एकदा फ्लेक्सवर येतं आणि फ्लेक्स पुढच्या कार्यक्रमाला उलटा वापरतात. त्यात वाईट काही नाही, पण त्यातून कामाचं काही पुढे जात नाही. ज्यूंच्या सूचींत रीत वेगळी आहे. प्रत्येक गावाच्या सूचीला प्रस्तावना असते आणि तिच्यात लिहिलेलं असतं की या नोंदी कुणी मिळवल्या, कुणी वाचल्या, कुणी पडताळल्या. दहा वर्षांनी कुणी म्हणालं की माझ्या पणजीचं नाव चुकीचं वाचलंय, तर कुणी वाचलं ते कळतं, मूळ पान पुन्हा काढता येतं. हा सन्मानही आहे आणि जबाबदारीही. २०२३ मध्ये उर्दू वाचायला बोलावलेल्या मास्तरांनी उतरवलेल्या प्रत्येक पानाखाली त्यांचं नाव असतं, तर ११,५३० या आकड्यावर झालेली निम्मी भांडणं पानावर जाऊन मिटली असती.

आणि पैसा. अमेरिकेतला निवृत्त अभियंता फुकट काम करतो तेव्हा त्याच्यामागे पेन्शन असते. आमच्या गावातल्या ग्रंथपालाला अनुदानातून जे मानधन मिळतं ते सांगायला तो लाजतो, आणि वेतनश्रेणीची मागणी करून त्याच्या दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. अशा माणसाला ‘सेवाव्रती’ म्हणून शाल घालणं हा पगार चुकवण्याचा सभ्य मार्ग आहे. उर्दू-मोडी वाचणाऱ्याला पानाप्रमाणे मोबदला द्या, हैदराबादला तारनाक्याच्या अभिलेखागारात जायचं भाडं द्या. तिथे जावंच लागेल. बीदरलाही जावं लागेल, कारण उदगीर, अहमदपूर, निलंगा १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. किनवट आदिलाबादेत होतं. एका घराण्याच्या चार पिढ्या शोधायच्या तर तीन राज्यांच्या कचेऱ्या लागतात, आणि तिथला शिपाई सत्कारपत्र पाहून रुमाल सोडत नाही, ओळखपत्र आणि लेखी आदेश मागतो. सेवेकऱ्याला सन्मान म्हणून द्यायचाच तर तो लेखी आदेश द्या.

किल्लारीच्या यादीला मी सुरुवातीला एवढेच रकाने सुचवीन: नाव, आईचं नाव, बापाचं नाव, बाईमाणूस असेल तर माहेरचं गाव, जुन्या गावठाणातली जागा, नाव कुणी सांगितलं, कुणी लिहिलं. ‘अमक्याची सून’ एवढंच कळलं तर तेवढंच लिहायचं आणि माहेरचा रकाना रिकामा ठेवायचा. म्हणजे कधी माहेरकडचं कुणी आलं तर भरता येईल. एकाच बाईचं नाव दोघांनी दोन सांगितलं तर दोन्ही ठेवायची. शेजारचा म्हणेल हे घर इथे नव्हतंच, भावकीतला म्हणेल आमच्या यादीत तो माणूस बसतच नाही. ते वाद गावाच्या पारावर, यादी हातात धरून होऊ द्यावेत आणि त्यांतून निघेल ते पुन्हा लिहावं. लिहिणाऱ्याचं नाव खाली असलं की कुणाकडे जाऊन भांडायचं ते लोकांना कळतं.